अकराव्या खुंटीचे वजन

"बाजूला व्हा, नाहीतर दात जातील," असे म्हणत सेपने साखळीला बांधलेले लोखंडी वजन भिरकावले. ते काठापासून चार-पाच हातांवर बर्फावर आदळले, बर्फाला लांबलचक तडा गेला आणि फटीतून काळे पाणी वर आले. सेपने साखळी ओढून वजन परत घेतले आणि पुन्हा फेकले.

"झालं, उठवलं सगळ्या तळ्याला," शेजारच्या खुंटीवरून, म्हणजे काठावर नंबर घालून आखलेल्या पुढच्या जागेवरून, डॅरन म्हणाला. "बिचारे मासे गपगार झोपले होते."

"मासे उठलेले बरे. तू तर उठूनही काही धरत नाहीस."

काठावरची माणसे हसली. क्लिफ इबॉट्सनही हसला, पण त्याच्या हसण्यात गंमत कमी आणि सुटका जास्त होती. सेपने न चाचरता उत्तर दिले होते. डॅरनला ओळखले होते, डॅरनला मासे सापडत नाहीत हेही त्याच्या लक्षात होते. दिवसाची सुरुवात तरी बरी झाली होती.

सेप ड्रॉनफील्ड आणि क्लिफ यांची ओळख शेफील्डच्या बस डेपोतली. सेप बस चालवायचा, क्लिफ त्या दुरुस्त करायचा. बस बंद पडली की ती चालवणाऱ्याने बिघडवली की दुरुस्त करणाऱ्याने, यावर दोघांची जुंपायची. दोघे निवृत्त होऊन केस पांढरे झाले तरी त्या वादाचा निकाल लागलेला नव्हता. डेपोतल्या लोकांचा मासे धरण्याचा क्लब होता, आणि हिवाळ्यात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या तळ्यावर त्यांची स्पर्धा असायची. गिरणीच्या जुन्या तळ्यावरची जानेवारीतली स्पर्धा घरची, म्हणून मानाची.

या क्लबात मासे कुणी खात नसे. दिवसभर कुडकुडत बसायचे, धरलेले मासे पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचे, शिट्टी झाली की काट्यावर तोलायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. ज्याचे वजन जास्त, तो जिंकला. एखाद्याने मासा घरी नेऊन तळला असता तर त्याला क्लबातून काढून टाकले असतेच, शिवाय त्याच्या बायकोशीही कुणी बोलले नसते.

काटा क्लिफकडे होता. सेक्रेटरी हॅडफील्ड आकडे टिपून घ्यायचा, पण काट्याची सुई वाचायची क्लिफने आणि क्लिफने उच्चारलेला आकडा शेवटचा. त्याच्या सख्ख्या भावालाही कधी औंसभर जास्त मिळाले नव्हते, आणि त्यावरून भावाने एक अख्खा हिवाळा त्याच्याशी अबोला धरला होता. क्लिफला त्याचे वाईट वाटले होते. पण त्याने आकडा काही बदलला नव्हता.

आज पहाटे तो सेपला घ्यायला गेला तेव्हा दार सेपच्या बायकोने, विनीने उघडले होते. सेप वर मोजे शोधत होता. विनीने दार पुढे ओढून घेतले आणि हळू आवाजात बोलायला लागली.

"मंगळवारी पाव आणायला म्हणून गेला. कुठं सापडला, माहितीये? डेपोत. माझी आजची बस कुठली, म्हणून विचारत होता. त्या पोरांनी चहा पाजला, गाडीतून आणून सोडला. चांगली पोरं."

"अगं, मला कळवायचंस."

"तुला कळवून काय होणार? ऐक माझं, क्लिफ. रस्त्यावर हरवला तर कुणीतरी आणून सोडेल. पाण्यापाशी हरवला तर?" तिने शालीचे टोक बोटाला गुंडाळले. "आजचा दिवस जाऊ दे त्याला. संध्याकाळी मला सरळ सांगायचं. जराही गडबड झाली असेल तर त्या गळाच्या काठ्या मी घराबाहेर काढणार. सगळ्यांना देऊन टाकणार. बाकी कुणी मला खरं सांगणार नाही. तू सांगशील."

"सांगेन," क्लिफ म्हणाला. तेवढ्यात सेप जिन्यावरून खाली आला, एका पायात हिरवा आणि एका पायात राखाडी मोजा घालून, आणि खुशीत म्हणाला, "चला, मासे वाट बघतायत."

म्हणून क्लिफने आज स्वतःची काठी गाडीतून काढलीच नाही. हॅडफील्डच्या पिशवीतल्या चिठ्ठ्यांतून सेपच्या हाताला अकरा नंबर लागला, तशी क्लिफने आपली घडीची खुर्ची अकराव्या खुंटीच्या मागे, वाळलेल्या बोरूच्या आडोशाला मांडली. ही खुंटी चांगली. समोरचे पाणी खोल आणि थंडीत मासे तिथेच गोळा होतात, हे सगळ्यांना ठाऊक होते. डॅरनला बारावी लागली होती.

"नशीब असतं एकेकाचं," डॅरन म्हणाला. हा डॅरन मॉस्क्रॉप भिंतींना गिलावा करायचा. चाळिशीतला, क्लबातला सगळ्यात तरुण, आणि तोंडाने सगळ्यात पुढे. "क्लिफ, तू तिथं काय करतोयस? राखण?"

"पाय दुखतोय माझा."

"मग घरी बस की."

"घरी बायको आहे."

या उत्तरावर कुणाचे काही म्हणणे नव्हते. हॅडफील्डने शिट्टी वाजवली आणि स्पर्धा सुरू झाली.

सेपने काठी जोडली. क्लिफ त्याच्या हातांकडे बघत होता. सकाळी याच हातांना कोटाची बटणे लावता आली नव्हती, क्लिफने गाडीत बसल्यावर लावून दिली होती. आता त्याच बोटांनी केसासारखी बारीक तंगूस गळाच्या भोवती फिरवली, थुंकीने ओली केली आणि गाठ आवळली. बोटे कापलेल्या हातमोज्यातून बाहेर आलेली बोटे थंडीने लाल झाली होती, पण चुकली नाहीत. त्याने डब्यातल्या अळ्या बघितल्या. त्या गारठून निपचित पडल्या होत्या. सेपने चिमूटभर उचलल्या आणि सरळ जिभेखाली ठेवल्या.

"ईऽऽ, शी," डॅरन म्हणाला. "विनी तुला अजून घरात कशी घेते रे?"

सेपने तोंड मिटूनच खांदे उडवले. जरा वेळाने त्याने एक अळी जिभेवरून काढून गळाला लावली. ती उबेने वळवळत होती.

"निपचित अळीला मासा विचारत नाही," तो म्हणाला, उरलेल्या तोंडातच ठेवून.

"मासा विचारेल, बायको विचारणार नाही."

"बायकोला सवय आहे."

पहिला मासा, एक रोच, लवकरच आला. वीतभरही नसलेला, रुपेरी अंगाचा आणि लाल परांचा. सेपने त्याला ओल्या हाताने धरले, गळ सोडवला आणि जाळीत सोडला. मग दुसरा, मग तिसरा. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचे लाल टोक जरा तिरके झाले की सेपचे मनगट तेवढेच हलायचे, त्याहून जास्त नाही. इतर खुंट्यांवर माणसे हात चोळत होती, थर्मासमधला चहा पीत होती, सरकारला आणि हवामानाला शिव्या घालत होती. सेप कुणाशी बोलत नव्हता. क्लिफला मनातून इतका आनंद होत होता की त्याने पाय आपटून तो लपवला. थंडी वाजतेय असे लोकांना वाटले.

दुपारी त्याने सेपला बेकनचे सँडविच दिले.

"किती झाले असतील?" क्लिफने विचारले.

"मोजत नाही मी. तूच तोलशील की." सेप चावत म्हणाला. "तुझा भाऊ बोलतो का आता?"

"बोलतो."

"गाढव आहे तो. औंस तो औंस." त्याने काठीवरून नजर न हलवता उरलेला तुकडा क्लिफला परत दिला. "बेकन जळकं आहे हे. तू केलंस वाटतं."

क्लिफने तो तुकडा खाल्ला. बेकन खरेच जळके होते. संध्याकाळी विनीला काय सांगायचे याची वाक्ये तो मनात जुळवू लागला होता. तिला सांगायचे की सेपने सगळ्यांना धूळ चारली, कुठेही अडला नाही, जुन्या गोष्टीसुद्धा त्याला आठवत होत्या. आणि यातले एक अक्षरही खोटे असणार नव्हते, याचे त्याला फार बरे वाटत होते.

दिवस मावळायला लागला तशी हॅडफील्डने शिट्टी वाजवली. काठ्या पाण्याबाहेर आल्या. क्लिफ उठला, गुडघे सरळ केले आणि सेपच्या पाठीवर थाप मारली. "बस इथंच. काटा घेऊन येतो."

"जा, जा," सेप म्हणाला.

काटा गाडीत होता आणि गाडी फाटकापाशी. क्लिफने काटा आणला, तिपाईला टांगला, सुई शून्यावर आहे हे हॅडफील्डला दाखवले, आणि पहिल्या खुंटीपासून तोलायला सुरुवात केली. रीत अशी की एकाचे झाले की तो माणूस बाकीच्यांबरोबर पुढच्या खुंटीवर येतो, म्हणजे शेवटाकडे जाता जाता सगळा क्लब काट्यामागे गोळा होतो. पहिल्या दहा खुंट्यांवर सांगण्यासारखे काही नव्हते. कुणाचे पौंडभर, कुणाचे त्याहून कमी, बऱ्याच जणांचे काहीच नाही. सगळे अकराव्या खुंटीची वाट बघत होते.

ते अजून नवव्या खुंटीवर असतानाच पुढून डॅरनची हाक ऐकू आली होती. "अरे, अरे, सेप, थांब." क्लिफला वाटले, दोघांची थट्टा चालू आहे.

ते अकराव्या खुंटीवर पोचले तेव्हा सेप सामान आवरून तयार होता. काठी पुसून कापडी पिशवीत घातलेली, अळ्यांच्या डब्याला झाकण लावलेले, खुर्ची दुमडलेली. आणि जाळी बोरूवर वाळत घातलेली. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होते.

"मी ओरडेपर्यंत त्यानं ओतली होती," डॅरन म्हणाला. त्याच्या तोंडावर नेहमीचे हसू नव्हते. "सगळे गेले. मी बघितले जाताना."

हॅडफील्डने घसा खाकरून विचारले, "सेप, तोलायचं राहिलं ना?"

"झालं की तोलून," सेप म्हणाला. "नऊ पौंड चार औंस. क्लिफनंच तर तोललं. विचार त्याला."

नऊ पौंड चार औंस. तो आकडा क्लिफला माहीत होता. फार वर्षांपूर्वी, अशाच गारठ्यात, याच खुंटीवर सेपचे तेवढे वजन भरले होते, आणि ते क्लिफनेच तोलले होते. आजची दुपार आणि ती दुपार सेपच्या डोक्यात एक झाली होती. तोलून झाले म्हटल्यावर मासे सोडायचे, ते त्याने सोडले होते. त्याच्या हिशेबात काहीच चुकले नव्हते.

"लिही मग," डॅरन हॅडफील्डला म्हणाला. "नऊ पौंड चार. माझ्या डोळ्यांदेखत धरलेत त्यानं. माझ्या दुप्पट तरी होते. लिही."

"हो, लिही, लिही," मागून दोघे-तिघे म्हणाले. "काय बिघडतंय?"

हॅडफील्डने पेन्सिल उचलली आणि रिवाजाप्रमाणे क्लिफकडे बघितले.

क्लिफ काट्याजवळ उभा होता. त्याला एकच गोष्ट आठवत होती. त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. सेप जिंकला होता, कप टेबलावर आला होता, आणि सेपने उभे राहून सांगितले की माझा शेवटचा मासा शिट्टी झाल्यावर बाहेर आला, तो धरू नका. कुणी बघितले नव्हते. तो मासा वजा केल्यावर कप दुसऱ्याला गेला. परतताना सेप गाडीत शीळ घालत होता. अशा माणसाला आज सगळे मिळून नऊ पौंडांची भीक घालायला निघाले होते. आणि घालणारे वाईट नव्हते, हीच तर अडचण होती.

त्याने बोरूवरची जाळी काढली. हात घालून तळापर्यंत चाचपली. मग तोलायची पिशवी काट्याला लावली आणि दिवसभर जसे केले तसेच, मागे सरकून सुई वाचली.

"अकरावी खुंटी," तो म्हणाला. "काही नाही."

"क्लिफ, माणूस आहेस की कोण?" डॅरन म्हणाला.

"काही नाही. लिही, हॅडफील्ड."

"तुझा दोस्त ना तो?"

क्लिफ सेपकडे बघत होता. सेप जाळीकडे बघत होता, मग काट्याकडे, मग पुन्हा जाळीकडे. कपाळावर आठी आली आणि तशीच राहिली.

"रिकामी आहे का?" त्याने विचारले.

"हो रे."

"मग काही नाही," सेप म्हणाला आणि वाकून आपली पिशवी उचलली.

डॅरनचे वजन चार पौंडांच्या वर भरले. तो जिंकला, पण बक्षीस घ्यायला पबमध्ये थांबला नाही. गाडीत बसताना त्याने क्लिफच्या दिशेने बघितले आणि दार आपटले. बाकीच्यांनीही क्लिफला 'येतो' म्हटले नाही.

घरी जाताना सेप गाडीत झोपला. क्लिफ सावकाश गाडी चालवत होता. रस्ता निसरडा होता, हे एक कारण. घर लवकर येऊ नये, हे दुसरे. दुपारपासून जुळवलेल्या वाक्यांतले 'कुठेही अडला नाही' हे तेवढे आता सांगता येण्यासारखे राहिले नव्हते. ते गाळून बाकीची सांगितली तर? सगळी खरीच होती. सेपने खरोखर सगळ्यांना धूळ चारली होती. क्लबातले कुणी विनीला भेटायला जाणार नव्हते. आणि एवढे काय झाले होते? एका म्हाताऱ्याने मासे थोडे आधी सोडले. ते सोडायचेच असतात.

पण विनीने दार उघडले आणि सेपला आत घेतले, बूट काढून दिले, शेकोटीपाशी बसवले, आणि ती परत दाराशी आली तेव्हा तिने दार सकाळसारखेच पुढे ओढून घेतले होते. क्लिफला काही गाळता आले नाही. त्याने सगळे सांगितले. नऊ पौंड चार औंसही सांगितले आणि 'काही नाही'ही सांगितले.

विनी ऐकत राहिली.

"म्हणजे गडबड झाली," ती म्हणाली.

"झाली."

"बरं झालं सांगितलंस." तिने डोळ्याला पदरासारखे शालीचे टोक लावले आणि लगेच काढले. "काठ्या आहेत मागच्या खोलीत. उद्या येऊन घेऊन जा. तो डे सेंटरला असेल तेव्हा."

"विनी, तो मॅच विसरला. मासे नाही विसरला."

"काय फरक पडतो?"

"पडतो. तू त्याचे हात बघायला हवे होतेस." क्लिफला आणखी पुष्कळ सांगायचे होते, पण त्याचे शब्द नेहमी काट्यावरच्या आकड्याएवढेच असायचे. "मॅचला नको पाठवूस. नुसता घेऊन जातो. मी काठी घेणार नाही. शेजारी बसेन, हाताच्या अंतरावर. उठला तर उठेन."

"कधी? आठवडाभर त्याचं सेंटर असतं, डॉक्टर असतो, काय न् काय असतं. शनिवारी मुलगी येते." विनी थांबली. मग जरा ओशाळून म्हणाली, "खरं सांगू? रविवारचाच दिवस मला मोकळा असायचा. तू त्याला घेऊन गेलास की मी दार लावून नुसती बसून राहायचे. रेडिओसुद्धा लावायचे नाही."

"मग रविवारीच नेतो."

"रविवारी तुझ्या मॅच असतात. काटा कोण धरणार?"

क्लिफने याचा विचार केला नव्हता. तो पायरीवर उभा राहिला. त्याला तो काटा फार आवडायचा. तिपाई खांद्यावर घेऊन काठाने चालताना, आणि सगळे मागे गप्प उभे राहून आपल्या तोंडाकडे बघत असताना, आपण कुणीतरी आहोत असे त्याला वाटायचे. डेपोत तसे कधी वाटले नव्हते. घरीही नाही.

"धरेल कुणीतरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने काटा डॅरनच्या दाराशी नेला. डॅरन अंगभर चुना घेऊन दारात आला आणि काट्याकडे बघत राहिला.

"मला कशाला? मी तर त्याला नऊ पौंड देणार होतो."

"तू जिंकत होतास, तरी दुसऱ्याचं लिही म्हणालास. असा माणूस चालतो काट्याला."

"आणि मी कुणाला फुकट औंस दिला तर?"

"देणार नाहीस. सुई समोर असली की देववत नाही." क्लिफने तिपाई उंबऱ्याला टेकवली. "थंडीत स्प्रिंग आखडते. तोलायच्या आधी दोनदा रिकामी ओढून बघत जा."

डॅरनने काटा आत घेतला. "सेप कसाय?" त्याने विचारले. क्लिफने हात हलवला, बरा आहे आणि बरा नाही, दोन्ही अर्थ निघतील असा, आणि तो निघाला.

त्यानंतरच्या रविवारी क्लब दुसऱ्या तळ्यावर गेला आणि हे दोघे गिरणीच्या तळ्यावर आले. त्याच्या पुढच्याही रविवारी आले. जाळी आणायची नाही असे क्लिफने ठरवले होते. सेपला तिची आठवण झाली नाही. मासा आला की तो सोडवायचा, ओल्या हातात धरून बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. क्लिफ हाताच्या अंतरावर बसायचा. बोलणे जानेवारीत थोडेफार होते. फेब्रुवारीत कमी झाले. कधी सेप त्याला 'क्लिफ' म्हणायचा, कधी नुसता हसायचा.

महिनाअखेरीस पुन्हा बर्फ पडला. काठावर पांढरे आणि पाणी शिशाच्या रंगाचे. त्या दिवशी सेपने तीन रोच धरले आणि सोडले. मग त्याने बाजूला बसलेल्या माणसाकडे वळून सभ्यपणे विचारले, "तुम्ही इथलेच का?"

विनीने क्लिफला सांगून ठेवले होते की असे होईल, गुरुवारी सेपने तिलाही ओळखले नव्हते. तरी आपल्याही बाबतीत तसे होईल असे क्लिफला मनातून वाटले नव्हते.

"हो. इथलाच," तो म्हणाला.

"मग क्लिफ इबॉट्सनला ओळखत असाल. डेपोतला."

"नाव ऐकलंय."

"बस दुरुस्त करायचा. म्हणजे बिघडवायचा." सेप हसला. "काटा असायचा त्याच्याकडे. हल्ली दिसत नाही. एकदा इथंच, माझी जाळी रिकामी निघाली. कशी निघाली कोण जाणे. सगळे म्हणायला लागले, लिहा, म्हाताऱ्याच्या नावावर काहीतरी लिहा. मला ऐकू येत होतं. कान चांगले आहेत माझे. आणि हा म्हणाला, काही नाही. सगळ्यांच्या देखत."

"राग आला असेल तुम्हाला."

"कुणाचा?"

"त्याचा. क्लिफचा."

"छे. रिकामी होती ना जाळी." सेपने फ्लोटकडे बघत मान हलवली. "हल्ली सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. घरात, त्या सेंटरात. लहान मुलाशी बोलावं तसं. होय बाबा, बरोबर बाबा. बरोबर नसतं, मला कळतं. तो तेवढा तसं बोलला नाही."

क्लिफ अळ्यांच्या डब्याचे झाकण उघडबंद करू लागला.

"तुम्ही धरता का मासे?" सेपने विचारले.

क्लिफ शाळेत जायच्या आधीपासून मासे धरत होता. "मला नीट जमत नाही," तो म्हणाला.

"मग नुसतं बघत काय बसता? या इकडे." सेपने उठून आपली काठी त्याच्या हातात दिली, आणि स्वतः वाकून मागे उभा राहिला. "एवढी आवळू नका. पळून नाही जात ती. अंगठा वर घ्या. आणखी."

क्लिफने अंगठा वर घेतला.

"हां. आता सैल. मासा ओढतो तेव्हा तुम्हाला कळायला हवं, हात आवळलेला असला तर कळत नाही." सेपने त्याचा कोपर धरून जरा खाली केला. त्याची बोटे गार आणि स्थिर होती. "अस्सं. घाबरायचं काही नाही. येतं हळूहळू. आणि माझ्याकडे नका बघू, फ्लोटकडे बघा."

क्लिफ फ्लोटकडे बघू लागला. त्याचे लाल टोक त्याला धड दिसत नव्हते, पण दोन्ही हात काठीवर होते, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती.